पट्ट्याच्या टोकाला अंगठा

४ जानेवारी

माझ्या भुंग्या,

पोटभर आशीर्वाद. कागदावर लाल डाग दिसतील ते रंगाचे आहेत, घाबरू नकोस. पुसायला गेले तर आणखी पसरले. म्हटलं राहू देत, तुला कळेल तरी की म्हातारी अजून कामाची आहे.

झालं असं, तुझ्या काकाच्या गोडाऊनमध्ये ट्यूबांचा ढीग येऊन पडलाय. साठ नग. तुमच्याच कारखान्याला जायच्यात म्हणे, बॉयलरच्या सुपरहीटरला. सोमवारी काका घरात आला, ब्रश माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "आई, तुझ्यासारखा सरळ पट्टा कुणाला जमत नाही. मारतेस का?" अगं, हे काय विचारणं झालं! ट्यूबांच्या यार्डातून सुटून मला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत तुझी काकू मला एकच सांगते, आई तुम्ही बसा. बसून बसून माझी खुर्ची झाली. आता उठले. तीन दिवस, रोज वीस ट्यूबा. कंबर बोलत होती, पण मी तिचं ऐकलं नाही.

तू तिथे पोरांना पाइप पाइप म्हणू देत नाहीस ना? आमचा मुकादम चिडायचा. "पाइप पाणी वाहतो, ट्यूब आगीत उभी राहते, फरक समजा!" तोच मुकादम पहिल्या दिवशी मला म्हणाला होता, बाई, साधी ट्यूब आणि क्रोमवाली ट्यूब शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी दिसतात. एक आगीत टिकते, दुसरी नाही. म्हणून हे पट्टे. साधीला हिरवा, क्रोमवाल्या बावीस नंबरला लाल आणि त्याच्या कडेला पांढरा. पण ट्यूबवर ठोकलेला शिक्का स्वतःच्या डोळ्यांनी वाचल्याशिवाय रंगाच्या डब्याला हात लावायचा नाही, आणि ज्याने पट्टा मारला त्याने टोकाला आपली खूण करायची. उद्या चूक निघाली तर कुणाची मान धरायची ते कळायला हवं. बाकीच्या बाया आपलं पहिलं अक्षर काढायच्या. मला कुठे येत होतं? मी रंगात अंगठा बुडवून उमटवला. पुढे आकडे त्या शिक्क्यांवरच शिकले, अक्षरं तुझ्या पहिलीच्या पुस्तकावरून, पण खूण अंगठाच राहिली. चोवीस वर्षं. लहानपणी तू यार्डाच्या फाटकावर उभी राहून ओरडायचीस, हा माझ्या आजीचा, हा माझ्या आजीचा!

तर आता साठ नगांवर साठ अंगठे आहेत. तुझ्या दारात येतील तेव्हा बघ.

अक्षर जरा मोठं येतंय, पेनच तसलं आहे. फोन करू नकोस, फोन काकाच्या खिशात असतो आणि तो स्पीकरवर टाकून सगळ्यांना ऐकवतो. पत्र कसं, माझं एकटीचं.

तुझी आजी
आणि खाली तिचा अंगठा, ताजा

१५ जानेवारी

आजी,

तुझे अंगठे आले!

ट्रक फाटकात आला तेव्हा मी कागदपत्रं घेऊन तिथेच होते. ताडपत्री निघाली आणि मी फाटकावरच्या त्या पोरीसारखी ओरडणारच होते. आमच्याकडे बॉयलर सांभाळणारे एक मामा आहेत, सगळे त्यांना डॉक्टर म्हणतात, कारण लोखंडी सळईचं एक टोक बॉयलरला आणि दुसरं कानाला लावून ते आत काय चाललंय ते सांगतात. ते म्हणाले, "ताई, हा कुणी हात पुसलाय नव्या मालाला?" मी म्हटलं, "तोंड सांभाळा, ती माझ्या आजीची सही आहे." मग त्यांनी आपला अंगठा तुझ्या अंगठ्याशेजारी ठेवून पाहिला. त्यांचा दुप्पट आहे. म्हणाले, "बारकी बाई दिसते. पण पट्टा दोरी लावल्यासारखा आहे."

नियमाने दहातल्या एका ट्यूबला मशीन लावून बघायचं असतं. पिस्तुलासारखी असते, नळीवर टेकवली की दोन सेकंदांत सांगते आत क्रोम किती, काय किती. त्या दिवशी मशीन दुसऱ्या खात्यात गेली होती. म्हटलं, आजीने शिक्का वाचलाय, तिच्याहून मोठी मशीन कुठली आणायची? सही करून टाकली. एकोणीस ट्यूबा बॉयलरमध्ये बसल्या, वेल्डिंग झालं, वर विटांची भिंतही चढली. बाकीच्या एकेचाळीस यार्डात आहेत, पुढच्या बॉयलरला लागतील.

एक सहज विचारते. कागदावर हीट नंबर आहे, म्हणजे पोलादाच्या भट्टीच्या ज्या खेपेतून त्या निघाल्या तिचा नंबर. पण तोच शिक्का मला एकाही ट्यूबवर सापडला नाही. वेल्डर म्हणाला, रंगाखाली गेला असेल. तू तर शिक्का उघडा ठेवून पट्टा मारायचीस ना?

आणि पेन बदल. एका ओळीत चार शब्द लिहितेस.

तुझा भुंगा

२१ जानेवारी

माझ्या भुंग्या,

तुझं पत्र काकूकडून दोनदा वाचून घेतलं. मला वाचता येतं, पण तिच्या तोंडून ऐकायची मजा वेगळी. डॉक्टरला सांग, अंगठा बारका असला तरी चोवीस वर्षांत एकदाही चुकीच्या ट्यूबवर पडला नाही. आणि सळई कानाला लावतो तर कापूस घाल म्हणावं, आमच्या यार्डातला क्रेनवाला असाच बहिरा झाला. मग बायको काही बोलली की नुसता हसायचा. तिचं म्हणणं, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा घरात शांतता आहे.

काय विचारलं होतंस? हां, शिक्का. अगं, शिक्के रंगाखाली कसे जातील, मी काय नवशिकी आहे का? शिक्के घासलेलेच होते. काका म्हणाला, गंज काढताना गेले. तो शेजारी स्टूल टाकून बसला होता, हातात कागद. तो नंबर वाचायचा, मी "हं" म्हणायचे आणि पट्टा मारायचे. आम्हा मायलेकांचं इतकं बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. मध्येच म्हणाला, "आई, तू कामाला जायचीस तेव्हा मी फाटकाशी तुझी वाट बघायचो, आठवतं?" मला भरूनच आलं. ब्रश थांबला. तो म्हणाला, "थांबू नकोस, रंग सुकेल."

काही ट्यूबांवर आधीचा हिरवा पट्टा होता, तो काकाने थिनरने पुसून घेतला. वास अजून नाकातून जात नाही. आधीच्या गिऱ्हाइकाकडे रंगांची रीत वेगळी होती म्हणे. असेल. हल्ली जो तो आपली रीत काढतो.

तुझ्या काकूने खिडकीचे पडदे बदललेत. मळखाऊ म्हणून आणले आणि मळकेच दिसतात.

आजी (अंगठा खाली)

२७ जानेवारी

आजी,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं. तिसऱ्या वेळी उभ्याने वाचलं, कारण बसवेना.

हिरवा पट्टा पुसला. तुझ्यासमोर. हिरवा म्हणजे काय हे मला कुणी शिकवलं? तूच ना? आणि तुझ्या नाकाला थिनरचा वास आला आणि डोक्यात काहीच आलं नाही?

मी मशीन घेऊन यार्डात गेले. एकेचाळीसपैकी अठ्ठावीस साध्या. तेरा तेवढ्या खऱ्या. म्हणजे काकाने थोडा खरा माल वर ठेवला, खाली साधा भरला आणि सगळ्यावर तुला फिरवलं, इस्त्री फिरवावी तशी.

सुपरहीटरमधली वाफ पाचशे डिग्रीच्या वर असते, तुला मी सांगायला नको. तिथे साधी ट्यूब आज फुटत नाही. पाण्याचा दाब देऊन तपासली तरी पास होते. ती महिनाभर बरी राहते, मग मऊ पडते, फुगते आणि एक दिवस शिवणीसारखी उसवते. तेव्हा समोर कोण असतं माहीत आहे? डॉक्टर. दिवसातून दहा वेळा झाकण उघडून ते ज्वाळेचा रंग बघतात. ज्यांनी तुझ्या अंगठ्याशेजारी अंगठा ठेवला, ते.

आजोबांचे हात आठवतात का? मला आठवतात.

आणि तुझं अक्षर का मोठं झालंय ते मला आता कळलं. पेनाचा काही दोष नाही. पत्र काकू वाचते ती मजेसाठी नाही. तुला दिसत नाही. किती दिवस? दिसत नव्हतं तर अंगठा का उमटवलास? मी ट्यूबवर सही केलीच नाही आजी. मी तुझ्या अंगठ्यावर सही केली.

एकोणीस ट्यूबा भिंतीआड आहेत.

१ फेब्रुवारी

मुली,

भुंगा वगैरे आज नाही.

माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही. मला लांबचं दिसतं, जवळचं दिसतं, आणि माणूस कसं बदलतं तेही दिसतं. सत्तरी उलटली माझी, आजपर्यंत मला कुणी खोटी म्हटलं नाही. मुकादमाने नाही, तुझ्या आजोबांनी नाही. म्हणायला तू निघालीस, जिला मी पाटीवर पहिला आकडा काढून दिला.

काकाला विचारलं. तोंडावर विचारलं. तो म्हणाला, "आई, इथून माल बरोबर गेला. तिथे यार्डात अदलाबदल होते, कारखान्यात काय कमी चोर असतात? आता सापडल्या तर दोष माझ्यावर." हे तुला सुचलं नाही? तुझा बाप गेला तेव्हा तू चार वर्षांची. तुला शाळेत सोडायला रोज सायकलवरून कोण न्यायचं? वसतिगृहात तुझी गादी डोक्यावर घेऊन तीन जिने कोण चढला? त्याच्यावर बोट ठेवताना तुझं बोट थरथरलं नाही?

आणि आजोबांचे हात मध्ये आणायचे नाहीत. ते माझे आहेत.

मशीन मशीन काय करतेस! मशीनला काय ठाऊक कोण कुणाच्या पोटचा ते.

खाली अंगठा नाही. राग आहे, म्हणून उमटवला नाही.

६ फेब्रुवारी

आजी,

भांडायला वेळ नाही, म्हणून जे घडलंय तेवढंच लिहिते.

बॉयलर अठरा तारखेला पेटवायचा आहे. मी लिहून दिलं की भिंत फोडून एकोणीस ट्यूबा तपासल्याशिवाय पेटवू नका. भिंत फोडून पुन्हा बांधायला तीन आठवडे जातील. मोठे साहेब म्हणाले, "आधी तूच पास केल्यास, आता तूच नको म्हणतेस. घरचं भांडण कारखान्यात आणू नकोस." मग त्यांनी टेबलाच्या खणातून काकाचं पत्र काढलं. त्यातलं एक वाक्य मी उतरवून घेतलंय, जसंच्या तसं:

"पहिल्या गठ्ठ्यातील एकोणीस नगांवरील शिक्के माझ्या मातोश्रींनी, ज्यांना या कामाचा चोवीस वर्षांचा अनुभव आहे, स्वतः वाचून खात्री केली व मगच पट्टे मारले. उरलेल्या मालात गडबड झाली असल्यास ती आपल्या यार्डात झाली असावी."

म्हणजे अदलाबदल झाली ती यार्डातल्या एकेचाळीसमध्ये, भिंतीआडच्या एकोणीस शुद्ध. साहेबांना तेच ऐकायचं आहे. भिंत फोडायची की नाही ते आता एका माणसाच्या शब्दावर आहे, आणि तो माणूस तू आहेस.

डॉक्टरांनी मला विचारलं, "ताई, पेटवू ना?" मी काय सांगू?

तू मला मुली म्हण, कृतघ्न म्हण, काही म्हण. उत्तरात मला माया नको. फक्त एवढं लिही: एका तरी ट्यूबवर तू स्वतः शिक्का वाचलास का?

१० फेब्रुवारी

भुंग्या,

नाही.

एकाही नाही. हे आधी लिहिलं, म्हणजे पुढचं वाचायला तुला वेळ नसला तरी चालेल.

तुझं पत्र मी काकूला दिलं नाही. अंगणात उन्हात बसले, तुझ्या आजोबांचं भिंग घेतलं आणि एकेक अक्षर वेचलं. अख्खी सकाळ गेली. "माझ्या मातोश्रींनी" इथपर्यंत आले आणि मला वाटलं, किती छान लिहिलंय, मातोश्री! जन्मात कधी म्हणाला नव्हता. पुढचं वाचलं आणि माझ्या कानशिलात कुणीतरी लगावल्यासारखं झालं. मला नाव दिलं ते मला पुढे उभं करायला. आड लपायला.

उठले. काका बाहेर गेला होता. साठ ट्यूबा मापात कापल्या तेव्हाची टोकं गोडाऊनच्या कोपऱ्यात पडली होती. पट्टा मारायच्या आधीची, त्यामुळे रंगबिंग काही नाही. आणि आपलं दार आपटू नये म्हणून अडणी लावलेला ट्यूबचा तो तुकडा आहे ना, ज्याच्यावर ठेचकाळून तू लहानपणी बोटाचं नख घालवलंस? तो अस्सल बावीस नंबर आहे, यार्डातून मुकादमाने स्वतः दिलेला. तो आणि कोपऱ्यातली बारा टोकं पदरात घेतली आणि गल्लीत कात्री-सुऱ्यांना धार लावणारा बसतो त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "आजी, याला धार लावून कुणाला मारायचंय?" म्हटलं, "ते ठरतंय. तू चाक फिरव आणि ठिणगी कशी दिसते ते सांग. मी काही सांगणार नाही, तू सांगायचं."

आधी अडणी लावली. म्हणाला, "नारिंगी आहे, सरळ जाते, आणि टोकाला एक सुटा ठिपका, भाल्याच्या पात्यासारखा." बरोबर. क्रोमवालीची ठिणगी तशीच असते. मग कोपऱ्यातली टोकं. पहिलं लावलं. म्हणाला, "ही पांढरी आहे आजी, फुलते, फाटेच फाटे फुटतात." ते मला सांगावं लागलं नाही. एवढा झुबका आंधळ्यालाही दिसेल. बारा टोकं लावली, नऊ फुलली. नवव्यानंतर तो बिचारा म्हणाला, "आजी, तुम्ही रडताय का हसताय?" मी म्हटलं, मी शिव्या देतेय, मनात, तू चाक बघ.

संध्याकाळी काका आला. टोकं मी त्याच्या जेवायच्या ताटाच्या जागी मांडून ठेवली होती. नऊ एकीकडे, तीन एकीकडे.

म्हणाला, "आई, हे काय?"

मी म्हटलं, "वाढलंय. जेव."

म्हणाला, "तुला त्यातलं काय कळतंय?" मग म्हणाला, "सगळेच करतात." मग म्हणाला, "चालल्या असत्या गं, वर्ष-दोन वर्षं आरामात चालल्या असत्या." बघ, एका दमात तीन उत्तरं, आणि एकही दुसऱ्याला ओळखत नाही.

तेव्हा मी बोलले. म्हटलं, "तू नऊ वर्षांचा असताना रोज सकाळी बापाच्या शर्टाची बटणं लावायचास, कारण त्याची बोटं वाकत नव्हती. बोटं का वाकत नव्हती? ट्यूब उसवली आणि वाफ हातांवर आली म्हणून. ती ट्यूबही चालली होती, वर्ष-दोन वर्षं, आरामात! आता तिकडच्या कुणाच्या पोराला बटणं लावायला शिकवतोयस तू?" त्याने टोकं हाताने बाजूला सारली. मग म्हणतो कसा, "तूच मारलेस ना पट्टे." माझ्या हाताशी तांब्या होता. फेकला नाही, एवढंच लिहिते.

पण खरं बोलला तो. मारले मीच. पावसाळ्यापासून मला दिसत नाही, भुंग्या. डोळ्यांपुढे दुधाची साय धरल्यासारखं आहे. कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की पुन्हा "आई तुम्ही बसा". मला कुणी तरी काम सांगितलं या आनंदात मी मुकादमाचा नियम मोडला, आणि वर अंगठा उमटवला. हिरवा पट्टा पुसलेला मला कळला नाही असं मी म्हणणार नाही. कळला. मी तो कळून घेतला नाही. मुलगा शेजारी बसून बोलत होता ना.

आता तुझ्या साहेबांसाठी. हा कागद वेगळा फाडून दे:

मी लिहून देते की साठपैकी एकाही ट्यूबवर मी शिक्का वाचलेला नाही. मला दिसत नाही. माझा मुलगा कागदावरून नंबर वाचत होता. साठही ट्यूबा एकाच ढिगातल्या होत्या. पहिला गठ्ठा म्हणून काही नव्हतं, गठ्ठे मी पट्टे मारल्यानंतर बांधले. म्हणून भिंतीआड कोणत्या गेल्या ते तो सांगू शकत नाही, मीही नाही आणि साहेब तुम्हीही नाही. मला सही येते. पण ज्या अंगठ्याने खोटं केलं त्यालाच खरं करायला लावते, म्हणून सही करत नाही.

अंगठा खाली. साहेब म्हणाले की म्हातारीचं काय ऐकायचं, तर त्यांना म्हणावं, खुर्ची उचला आणि त्या भिंतीसमोर टाकून बसा, बॉयलर पेटवतो, बसा की आरामात!

पत्र मी स्वतः पोस्टात टाकतेय. घरातल्या कुणाच्या हाती देणार नाही.

आजी

२० फेब्रुवारी

आजी,

भिंत फोडली.

तुझा कागद साहेबांनी वाचला, मग शेवटच्या ओळी राहिल्याच म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवल्या, खुर्चीसकट. खोलीत डॉक्टर होते. त्यांनी खरोखर एक खुर्ची उचलली आणि विचारलं, "साहेब, कुठे टाकू?" साहेबांनी फोन उचलला आणि गवंडी बोलावले.

एकोणीसपैकी पंधरा साध्या निघाल्या. पंधरा.

मी अजून चिडलेली आहे. काकावर तर आहेच. त्याचा माल यापुढे इथे येणार नाही, आणि बाकी कारखान्यांनाही कळवलंय. त्याने फोन केला होता. मला म्हणाला, तीन जिने चढलो होतो गं मी. मी म्हटलं, माहीत आहे काका. आणि फोन ठेवला.

तुझ्यावरही आहे. पण माझंही एक राहिलंय. मशीन दुसऱ्या खात्यात गेली होती असं मी तुला लिहिलं होतं ना? खोटं आहे. मशीन कपाटात होती. किल्ली दोन मजले वर होती. मी तुझा अंगठा बघितला आणि जिना चढले नाही. हे मी साहेबांनाही लिहून दिलं. माझा तपासणीचा शिक्का त्यांनी काढून घेतलाय, वर्षभरासाठी. वर्षभर मी दुसऱ्याच्या हाताखाली ट्यूबा मोजणार.

कापून काढलेल्या एका ट्यूबचा तुकडा पार्सलने पाठवलाय. साधी आहे, वर लाल-पांढरा पट्टा आणि तुझा अंगठा. डॉक्टर म्हणाले, कशाला पाठवता, म्हातारीला लागेल. मी म्हटलं, लागू दे.

डोळ्यांच्या डॉक्टरकडे कधी जाणार आहेस? तारीख लिही. "बघू" लिहू नकोस.

भुंगा

२७ फेब्रुवारी

माझ्या भुंग्या,

दोन मजले! तुझी आजी यार्डात दिवसाला चाळीस वेळा शिडी चढायची आणि तुला दोन मजले जड झाले! हे पत्र मी दोनदा ऐकलं, दोन्ही वेळा त्या किल्लीपाशी काकूला थांबवलं आणि "पुन्हा वाच" म्हटलं. माझ्या अंगठ्यावर सही करतेस? तुला शिकवायला कोण होतं, मीच ना? मग मी काय शिकवलं होतं? स्वतःच्या डोळ्यांनी! आजी असो, आजीचा बाप असो. वर्षभर मोज ट्यूबा. बरं झालं. साहेब पहिल्यांदा शहाण्यासारखं वागले.

आता बरं वाटलं. रागाने माझी भूक चांगली लागते.

काका बोलत नाही. जेवतो, उठतो, जातो. गोडाऊनमध्ये उरलेला माल आहे. मी त्याला सांगितलंय, आता एकेक नग धारवाल्याच्या चाकावर नेऊन लावायचा, ज्याचं जे निघेल ते, आणि पट्टा मी मारणार. तो म्हणाला, "अजून पट्टे मारायचेत तुला?" म्हटलं, "हो. पण दिसायला लागल्यावर." तो गोडाऊनला कुलूप लावून निघून गेला. पण काल डोळ्यांच्या दवाखान्यात मला सायकलवर मागे बसवून तोच घेऊन गेला. वाटेत एक शब्द नाही. खड्डा आला की मात्र "धर" म्हणायचा. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन बारा तारखेला. घे, लिहिली तारीख.

तुझं पार्सल पोचलं. जुनी अडणी मी आत माझ्या खाटेखाली ठेवली, ती खरी आहे, तिला दारात कशाला उन्हातान्हात ठेवायची. दाराला आता तुझा तुकडा लावलाय, अंगठा वरच्या बाजूला येईल असा. बरोबर उंबऱ्यात येतो, येताजाता प्रत्येकाला ओलांडावा लागतो. परवा काका त्यावर ठेचकाळला. एका पायावर उभा राहून त्याने अंगठ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काही तो उचलून बाजूला केला नाही.

काल मीही ठेचकाळले. नख गेलं. काकू म्हणते, आई, आता तरी काढू का? म्हटलं, राहू दे तिथेच.

डॉक्टरला आशीर्वाद सांग, आणि कानात कापूस घालतो का ते बघ.

या पत्राखाली सही केली आहे, वाकडी आहे पण माझी आहे. अंगठा बारा तारखेनंतर.

तुझी आजी